साळीचं काड

तळ्याखालची ती पट्टी आता राहिली नाही. खुलताबादचा रस्ता रुंद झाला, शहर हळूहळू घाट चढून वर आलं, आणि जिथं पावसाळाभर पोटरीएवढा चिखल असायचा तिथं आता फरशी घातलेलं मंगल कार्यालय आहे. बानाबाई एकदा तिथं लग्नाला गेली होती. पंगतीत बसली, वाढप्यानं पानात भात टाकला, आणि तिनं कुणाच्या लक्षात येणार नाही असा डावा तळवा फरशीवर टेकवला. फरशी गार होती. पण तो गारवा फरशीचाच, मातीचा नव्हे.

ही गोष्ट पट्टी होती तेव्हाची. वाळूजकडं नुकतेच कारखाने उभे राहत होते आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता.

बानाबाईचा नवरा कडूबा धनगराचा. त्याच्या बापाच्या वख्ताला मेंढरांनी माळ पांढरा दिसायचा म्हणे. मोठ्या दुष्काळात कळप निम्म्याच्या खाली आला तेव्हा म्हाताऱ्यानं भीत भीत ही पाणथळ पट्टी घेतली. तिथं ज्वारी कुजायची, बाजरी पिवळी पडायची. लोक हसले. मग बानाबाई सून होऊन आली. ती फर्दापूरकडची. तिच्या माहेरी डोंगराच्या पायथ्याला तांबड्या कुसळाची साळ पेरायचे. पहिल्या पंचमीला माहेराहून येताना तिनं त्याचं बी आणलं, आणि जी पट्टी कुणाला नको होती तिच्यात साळ कमरेएवढी झाली. तो तांदूळ जाड, लालसर. शिजायला लागला की ओल्या मातीसारखा वास घरभर फिरायचा.

आणि त्या साळीत तण येत नव्हतं. बांधाच्या अलीकडं पलीकडं काँग्रेस गवत मातलेलं, लव्हाळा, केना, सावा, काय म्हणाल ते. पण साळीच्या पायाशी माती स्वच्छ. पेरल्यावर एकदा हात फिरवला की पुन्हा खुरपं घालायचं काम नसे. बानाबाईची सासू केसरबाई म्हणायची, "ही साळ सवतीवाणी हाय बाई. दुसरीला घरात येऊ देत नाय."

पुढं कैक वर्षांनी बानाबाईची नात सृष्टी शेतकी कॉलेजात शिकायला गेली. एकदा सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "आजी, काही जातीच्या भाताच्या मुळांतून, काडातून रसायनं सुटतात. ती मातीत उतरली की दुसऱ्याचं बी उगवत नाही." बानाबाई शेंगा फोडत होती. ती "व्हय बाई" एवढंच म्हणाली. तिला ते सृष्टीचा बाप हनुमान अंगावर पीत होता तेव्हाच कळलं होतं. कसं कळलं, ते नातीला सांगायला एक दुपार पुरली नसती.

*

पट्टीला लागून कमरोद्दीनचा मळा होता. माळव्याचा मळा, मेथी, कोथिंबीर, गाजर, कांदा. पहाटेच्या बसनं त्याच्या जुड्या शहरात औरंगपुऱ्याच्या मंडईत जायच्या. त्याची विहीर त्या अंगाला सगळ्यांत खोल. पाऊस सरला की कडूबाची मेंढरं त्याच्या रानात बसायची, लेंडीखत पडायचं, आणि त्याच्या बदल्यात कडूबाच्या घरचं पाणी, मेंढरांचं पाणी, सगळं कमरोद्दीनच्या विहिरीवरून. कुणी कधी हिशेब केला नाही. कमरोद्दीनची बायको गौहर आणि बानाबाई एकाच वयाच्या. एकीनं धुणं आपटायचं, दुसरीनं पिळायचं, असं दोघींचं चाललेलं.

त्या वर्षी साळ निसवायच्या वेळेला पाणी तुटलं. लोंब्या वर आल्या त्या पांढऱ्या, पोकळ. कडूबानं लोंबी मुठीत चोळली आणि फुंकर मारली. हातात काहीच राहिलं नाही.

"कापून टाकू," तो म्हणाला. "वैरण तर व्हईल."

दोघांनी वाकून वाकून कापली. हनुमान बांधावर झोळीत टांगलेला. काड अजून हिरवट होतं. कापून आडवं पडलं, आणि जो पाऊस महिनाभर वाट बघून आला नव्हता तो तेव्हा आला, दोन दिवस नुसती भुरभुर. जमिनीला काही नाही झालं, काड मात्र भिजून काळं पडलं. मेंढरं त्याला नाक लावेनात. कमरोद्दीनच्या बैलानं हुंगलं आणि मान फिरवली. सगळं काड बांधाला रचून ठेवलं, झालं.

दिवाळी झाली. महिन्याभरावर खुलताबादचा उरूस होता. उरसाला लांबलांबून माणूस येतं, घराघरात पाहुणे, भाजीला मागणी. कमरोद्दीन दर साली उरसावर नजर ठेवून मेथी टाकायचा. पण त्या साली विहिरीवरचं इंजिन जरा चाललं की हवा ओढायला लागायचं. एका वाफ्याला पाणी पोचेपर्यंत दुसऱ्याला भेगा.

गौहर विहिरीच्या काठावर बसून म्हणाली, "बाना, इत्तासा पानी. मेथी टाकावी का नक्को?"

बानाबाई डोक्यावरचा हंडा सावरत होती. ती म्हणाली, "भाबी, मव्हं काड न्या की. बारीक तोडून वाफ्यावर पसरा. खालची वल जात नाय. काल मी बांधाचं काड उचललं तर खाली माती गारेगार. अन् तण बी येत नाय, ते एक बरं. पाणी तणाला जायाचं वाचंल."

"हौ?"

"मंग काय खोटं बोलते?"

गौहरनं उतरंडीतनं मेथीच्या बियाचं मडकं काढलं. तिचं बी ती स्वतः धरायची, राखेत घोळवून. तिच्या सासूपासून चालत आलेलं बी. गावातल्या बायका तिच्याकडं मागायला यायच्या. दोन्ही घरच्या चौघांनी मिळून काम केलं. कमरोद्दीननं वाफे बांधले, गौहरनं बी फोकलं, कडूबानं विळ्यानं काड तोडून दिलं, बानाबाईनं ते हातानं सारखं पसरलं. पाणी सोडलं तेव्हा काडातून चहाच्या रंगाचं पाणी खाली उतरलं. चौघंही बांधावर बसून ते बघत होते. कडूबानं कमरोद्दीनला तंबाखू मळून दिली.

*

मेथी चार-पाच दिवसांत दिसायला लागते. आठवडा गेला, वाफा तसाच. कमरोद्दीन रोज सकाळी काड बाजूला करून बघायचा. कुठंतरी एखादं रोप, तेही पिवळं, मान टाकलेलं. कोथिंबिरीची तीच गत. पुन्हा पेरायला ना पाणी राहिलं होतं ना दिवस.

एका सकाळी तो कडूबाच्या दारात आला. हाताच्या ओंजळीत माती आणि तिच्यात बी. मोड फुटलेला, पण टोकाला तपकिरी, जळाल्यासारखा.

"कडूबा, हे बघ. बी फुटलं अन् मेलं."

कडूबा दात घासत होता. त्यानं ओंजळीत डोकावलं. "मंग?"

"मंग काय. काडात काय होतं का रे? काय फवारलं होतं का?"

कमरोद्दीननं सरळ विचारलं होतं. पण दारासमोरच्या हापशावर बायका होत्या, आणि त्यांतली एक हळूच दुसरीला म्हणाली, "धनगरिणीच्या हातानं पसरलं म्हणं." ते कडूबाच्या कानावर पडलं. एक तर साळ गेली होती, मेंढरं उपाशी होती, त्यात हे. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"कमरूभाई, मव्हं काड तुमचं बी खाईल का? आमी करणी केली म्हणायचं का तुमाला?"

"मी असं कव्हा म्हणलं?"

"म्हणलं नाय, पण ओंजळ घिऊन दारात आले. आईका. बिरोबाची आण. मव्ह्या काडात काय बी नव्हतं. असंल तर बिरोबा मला बघून घेईल. अन् आजपासून तुमच्या विहिरीचं पाणी आमाला नको."

"अरे कसम कशाला खातोस..."

पण आण घेऊन झाली होती. कमरोद्दीन मागं वळला. मग ओंजळीतली माती त्यानं खाली टाकली नाही, तशीच घेऊन गेला.

बानाबाई आत चुलीपाशी होती. तिनं हंड्याकडं बघितलं. त्यात कालचं पाणी होतं.

*

त्यानंतरचे दिवस आठवले की बानाबाईची कंबर अजून दुखते. हापसा लवकरच कोरडा पडला. गावात टँकर यायचा, तो कधी दिवसाआड, कधी तेवढाही नाही. टँकर आला की लोक गावच्या विहिरीत पाइप सोडायच्या आधीच त्याच्यावर चढायचे. बानाबाई हनुमानला कडेवर घेऊन, हातात कळशी घेऊन उभी राहायची. मुक्ताबाई नावाची एक बाई, तिचा आवाज सगळ्यांच्या वर. ती एकदा म्हणाली, "हिला मागं राहू द्या गं. हिचा हात लागला तर टँकर बी आटायचा." बायका हसल्या. बानाबाईनं कळशी दुसऱ्या कमरेला घेतली आणि मागं सरकली. तिच्या वाट्याला तळाचं, गढूळ पाणी आलं. ते तिनं पदरातून गाळलं.

मळ्याच्या विहिरीवरून जाताना गौहर दिसायची. गौहर बघायची, हीही बघायची. पण मध्ये आण पडली होती. कुणी ओलांडायची?

मेंढरांना पाणी कुठून पाजणार? कडूबा त्यांना दोन दिवस रानोमाळ फिरवून आला आणि तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला बोलावलं. व्यापाऱ्यानं एकेकीच्या पाठीचा कणा चिमटीत धरून बघितला. मेंढरं गाडीत चढेनात, तेव्हा कडूबा स्वतः आत चढला. त्याच्या मागं सगळी चढली, आणि मग तो एकटा खाली उतरला. घरी येऊन त्यानं घोंगडी झटकली, घडी करून खांद्यावर टाकली.

"वाळूजला जातो. पाया खांदायचं काम हाय म्हणं," तो म्हणाला.

केसरबाई भिंतीला टेकून बसली होती. "धनगर मातीत शिरला की संपला रं," ती म्हणाली.

उरूस आला आणि गेला. रात्री दर्ग्याकडच्या दिव्यांचा उजेड डोंगरावर दिसायचा. बानाबाईच्या कानावर आलं की कमरोद्दीन उरसात बसला होता, पण घरची भाजी नव्हती. मंडईतून आणलेली दुसऱ्याच्या मळ्यातली मेथी तो विकत होता. हे ऐकलं त्या दिवशी तिला भाकर गेली नाही.

*

केसरबाईला म्हातारपणी मोडाची मटकी लई आवडायची. दात नव्हते, पण उसळीचा रस ती बोटानं चाटायची. एक दिवस तिनं मूठभर मटकी भिजवली, फडक्यात बांधली, आणि गार राहावी म्हणून मळ्याला देऊन उरलेलं काड अंगणात आणून टाकलं होतं, त्याच्या ढिगात खोचून ठेवली. वरून तोंड धुतलेलं पाणी शिंपडत राहिली. दोन दिवसांनी बानाबाईनं गाठोडं सोडलं. मटकी बुळबुळीत झाली होती. मोड आलेले, पण नखाएवढेच. आणि प्रत्येकाचं टोक तपकिरी, जळाल्यासारखं.

बानाबाई तशीच उकिडवी बसून राहिली. तिला कमरोद्दीनची ओंजळ आठवली.

मग ती उठली आणि ढिगाभोवती फिरली. अंगणभर काँग्रेस गवताची पोरं उगवली होती, सांडपाण्यावर तर दाटच. पण ढिगाच्या खालच्या अंगाला, जिकडं काडातलं पाणी झिरपायचं, तिकडं हातभर जागा बोडकी. त्या बोडक्या जागेत एकच गोष्ट उभी होती, वांग्याचं एक झाड. ते तिनं श्रावणात लावलेलं, मोठं होतं. त्याला काडानं काही केलं नव्हतं. उलट पानं रुंद, हिरवीगार, आणि दोन वांगी लागलेली.

"आत्या," ती म्हणाली, "आपल्या काडानंच केलं."

"काय केलं?"

"भाबीची मेथी. साळ तणाला उगवू देत नाय ना? तिला तण काय अन् मेथी काय. बी दिसलं की मारती. मोठ्या झाडाला काय करत नाय. हे बघा ना वांगं."

केसरबाईनं मटकी हातावर घेऊन डोळ्याजवळ नेली. ती परत फडक्यात टाकली. मग म्हणाली, "बरं. आपल्याला कळलं. आता गप बस."

"गप कशी बसू?"

"कडूबानं देवाची आण घेतली हाय. तू जाऊन सांगशील की काडानंच मेथी मेली, तर त्याची आण खोटी पडंल. अन् गाव काय म्हणंल? आतापस्तोर नुसतं कुजबुजतंय. मंग तोंडावर चेटकीण म्हणंल. तुला पोर हाय कडंवर."

सासू खोटं सांगत नव्हती. बानाबाईनं दोन दिवस काढले. दळण दळलं, टँकरवर गेली, शेण्या थापल्या. पण काम करताना तिला सारखं ते बी दिसायचं, राखेत घोळवलेलं, गौहरच्या मुठीतून वाफ्यावर पडणारं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मटकी फडक्यात बांधली, हनुमानला कडेवर घेतलं आणि मळ्याकडं निघाली.

*

कमरोद्दीन अंगणात बसून दोर वळत होता. तिला बघून त्यानं पाय आवरले. गौहर आत भाकरी थापत होती; थापण्याचा आवाज थांबला.

"भाई, हे बघा," बानाबाईनं फडकं सोडलं.

"काय आहे?"

"मटकी. आत्यानं काडात ठिवली व्हती. मोडाची टोकं बघा."

त्यानं एक दाणा उचलून उन्हात धरला, मग दुसरा. त्याचा चेहरा बदलत गेला.

बानाबाईनं हनुमानला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "तुमच्या बियाला झालं तेच झालं हे. काड मव्हं व्हतं, पसरा म्हणून मीच म्हणलं व्हतं. करणी नाय केली भाई, पोराची शप्पत. पण मेथी मव्ह्याच काडानं खाल्ली. बी चांगलं व्हतं."

गौहर उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ. ती तिथंच खाली बसली.

"सुना?" ती नवऱ्याला म्हणाली. "सुना जी? बीज अच्छा था."

बानाबाईला काही कळेना. कमरोद्दीननं हातातला दोर खाली ठेवला. तोच बोलला, "कडूबानं देवाची कसम खाल्ली. मी मानली. तो खोटी कसम खाणारा माणूस नाही. मग काड नाही, तर काय राहिलं? बीजच राहिलं ना. मी हिला म्हणलं, तुझं बी सडकं. रोज म्हणलं." तो थांबला. "मडकी कोंबड्यांपुढं रिकामी केली मी. सगळी."

"मेरे सास के हात का बीज था," गौहर म्हणाली. ती रडत नव्हती. हाताचं पीठ ती बोटानं बोट चोळून काढत होती. "मेरेकू लगा, मेराच हात खराब हो गया. मैं किसी बाई को बीज देने के लायक नहीं रही, ऐसा लगा मेरेकू."

बानाबाई तिच्याजवळ उंबऱ्याला बसली. हनुमाननं हात पुढं करून गौहरच्या बांगड्या धरल्या. बऱ्याच वेळानं गौहरनं त्याला मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाली, "दुबला हो गया गे ये."

कमरोद्दीन उठला, विहिरीकडं गेला, आणि बादलीभर पाणी आणून बानाबाईसमोर ठेवलं. ती त्या पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भाई, तुमचं कांद्याचं रोप उगवलंय ना?"

विहिरीच्या कोपऱ्यात त्यानं रोप टाकलं होतं, काडाशिवाय. ते वीतभर झालं होतं. पण लावायला पाणी पुरणार नाही म्हणून तो ते उपटून टाकणार होता.

"टाकू नका. त्याच वाफ्यात लावा, काड तसंच ठिवून. रोप मोठं झालंय, त्याला काड काय करायचं नाय. मव्हं वांगं बघून या पायजे तर. वल राहील, तण यायचं नाय, पाणी निम्मं लागंल."

"एकदा ऐकलं तुझं," कमरोद्दीन म्हणाला.

गौहर म्हणाली, "दोन वाफे माझ्या नावाचे करा. बुडले तर मेरे बुडे."

*

दोघींनी लावण केली. काड बाजूला सारायचं, बोटानं खड्डा करायचा, रोप दाबायचं, काड परत ओढायचं. थंडीत बोटं बधिर व्हायची, काडाची कुसळं नखात शिरायची. पहिल्या आठवड्यात रोपं लुळी पडली. मग एका सकाळी ती उभी दिसली, निळसर हिरवी. दोन वाफ्यांचे चार झाले, चाराचे सगळे. कमरोद्दीननं उरलेलं रोप लावून टाकलं. आधी जेवढ्या पाण्यात एक वाफा भिजायचा नाही तेवढ्या पाण्यात आता वाफे तग धरू लागले.

गावाला कळलं ते कळलंच. मुक्ताबाई टँकरवर म्हणाली, "कबूल झाली म्हणं!" बानाबाई आता पुन्हा मळ्याच्या विहिरीवर भरत होती, तिला टँकरवर जायचं कारण नव्हतं, पण केसरबाईनं ते वाटेनं जाताना ऐकलं आणि घरी येऊन दार लावून घेतलं. दोन दिवस ती सुनेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कांद्याची पात आण जरा. तोंडाला चव नाय."

संक्रांतीला कडूबा आला. हाताला सिमेंटनं भेगा, अंगात कुणीतरी दिलेली खाकी पँट. फाट्यावर उतरल्या उतरल्या लोकांनी त्याला सांगितलं होतं. तो घरात आला, पाणी प्याला नाही.

"मव्ही आण खोटी पाडलीस?"

"तुमी खोटं बोलले नव्हते," बानाबाई म्हणाली. "तुमाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना आण घेतली, तिचं काय झालं ते आईका." आणि तिनं गौहरच्या मडक्यांचं सांगितलं. कोंबड्यांचं सांगितलं.

कडूबा ऐकत गेला. भाकर ताटात तशीच राहिली. रात्रभर घोंगडीवर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

सकाळी तो मळ्यावर गेला. बानाबाई मागून गेली, लांब उभी राहिली. कमरोद्दीन पाणी धरत होता. कडूबा वाफ्यात वाकला, काड उचलून खालची माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली. बराच वेळ तो तसाच वाकलेला होता. गौहर दारात आली तसा तो सरळ झाला, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी देवाला मधी घातलं. घालायला नको व्हतं."

गौहरनं पदर पुढं ओढला. "हौ भाऊ," एवढंच म्हणाली.

कमरोद्दीन म्हणाला, "कडूबा, कसम..."

"ती मी घेतलेली हाय. बिरोबा अन् मी बघून घिऊ," कडूबा म्हणाला. "तुमी पाणी फोडा. तिकडच्या वाफ्याला जायला लागलंय."

त्यानं दुसरं खोरं उचललं. एकानं पाटाचं बारं फोडून पाणी वाफ्यात घ्यायचं, दुसऱ्यानं ते मातीनं दाबायचं. सूर्य डोक्यावर येईपर्यंत दोघं एक अक्षर बोलले नाहीत, पण पाणी कुठं फुटलं नाही.

*

एवढं झालं तरी वाळूज काही सुटलं नाही. मेंढरं गेली होती, पट्टी कोरडी होती, आणि कडूबाला एका कारखान्यात वॉचमनचं काम मिळत होतं. त्यानं तिकडं पत्र्याची खोली बघून ठेवली होती. "पाऊस पडला की परत येऊ," तो म्हणाला. बानाबाईनं विचारलं नाही की कोणत्या साली. केसरबाईनं आपली पितळेची लोटी स्वतःच फडक्यात बांधली आणि म्हणाली, "चला. जिकडं चारा तिकडं धनगर."

मागच्या साली राखून ठेवलेल्या साळीच्या बियाचे बानाबाईनं दोन वाटे केले. एक स्वतःजवळ ठेवलं, ते पुढं पत्र्याच्या खोलीत उंदरांनी खाल्लं. दुसरा वाटा गौहरला दिला. गौहरनं तो राखेत घोळवून नव्या मडक्यात भरला, आणि दुसऱ्या साली पाऊस बरा झाला तेव्हा मळ्याच्या खालच्या अंगाला पेरला. कमरोद्दीन औरंगपुऱ्याला भाजी घेऊन आला की कधीमधी एखादी पिशवी वाळूजला पोचती व्हायची. लाल तांदळाची, वर दोन कांदे. हे कितीतरी वर्षं चाललं.

जायच्या दिवशी मॅटॅडोर आला तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं. कडूबा आणि ड्रायव्हर सामान चढवत होते. बानाबाई मळ्यावर गेली. कांदा पोसत होता, माती फोडून गोल खांदे वर आले होते. अजून महिनाभरानं निघाला असता. गौहर तिथंच होती. दोघी उभ्या राहिल्या. बोलायला काही सुचेना. एरवी बायकांचं बोलणं खुरप्याच्या मागं मागं चालतं. हात तणात, मन मोकळं. इथं तर सगळा वाफा स्वच्छ.

"बाना, खुरपायला तो कुछ हैच नहीं," गौहर म्हणाली.

"नसू दे. बसा जरा."

दोघी वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या, लुगडी पोटरीला खोचून, जशा खुरपायला बसतात तशा. गौहरनं काडाची एक काडी उचलून दातात धरली आणि कडू लागली म्हणून थुंकली. बानाबाई हसली. मग गौहरही हसली. आणि मग गौहर तिला सांगायला लागली, आपल्या लग्नात सासूनं आपल्याला पहिल्यांदा बी कसं धरायला शिकवलं ते, अगदी सुरुवातीपासून.

रस्त्यावर मॅटॅडोरवाल्यानं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. दोघींपैकी कुणी मान वळवली नाही.